पेल्यातली शिकार: घोट संपला की डुक्कर दिसतं!

माहीत आहे का? अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये कुणी वाइनचा पेला रिकामा केला, की तळाशी चक्क एक शिकारी प्रकट व्हायचा. खांद्यावर काठी, काठीला लटकलेला ससा, सोबत कुत्रा. जास्त झाल्यामुळे दिसायचा असं समजू नका. तो खरोखरच तिथे असायचा, भाजलेल्या मातीत रंगवलेला!

या पेल्याचं नाव कायलिक्स. पसरट, उथळ वाडगा, खाली दांडी आणि गोल बैठक, दोन्ही बाजूंना आडवे कान. तोंडाची रुंदी सहसा वीतभरापासून फूटभरापर्यंत. म्हणजे भरलेला पेला एका हातानं तोंडाला लावणं ही मनगटाची परीक्षाच. आतल्या तळाच्या गोल चित्राला म्हणतात टोंडो. वाइन गडद, पेला काठोकाठ, चित्र गुडूप. दोन-चार घोट गेले की शिकाऱ्याचं डोकं दिसणार, अजून दोन गेले की ससा. सस्पेन्स विकायला ओटीटी कशाला हवं?

आता पिण्याची पोझ बघा. बसून नाही, उभं राहून तर नाहीच. डाव्या कोपरावर रेलून, बैठकीवर आडवं होऊन. उजवा हात पेल्यासाठी मोकळा. अशा मद्यमैफलीला सिम्पोझियम म्हणायचे. हो, हल्ली कॉलेजात पीपीटी आणि समोशांसह होतं तेच नाव! मूळ सिम्पोझियममध्ये गाणी, कविता, गप्पा, खेळ आणि वाइन. घरातल्या बायकांना मात्र नो एन्ट्री.

आणि पाण्याविना नुसती वाइन? छे छे! तो रानटीपणा. ग्रीक माणूस वाइनमध्ये पाणी घालूनच प्यायचा, आणि बहुतेक वेळा पाणी वाइनपेक्षा जास्त. हे मिक्सिंग व्हायचं क्रेटर नावाच्या मोठ्या भांड्यात. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला विनोदी नाटककार युब्युलस याच्या एका नाटकात खुद्द मद्यदेव डायोनायसस हिशोब सांगतो: शहाण्यांसाठी तीन क्रेटर बस्स. पुढचे फक्त आरडाओरडा, मारामारी, पोलीसकेस या चढत्या क्रमानं जातात आणि दहाव्याला माणूस सामान फेकू लागतो. वैधानिक इशारा तेव्हाही होता म्हणायचा.

रेलायचंय? आधी डुक्कर मारून दाखव!

शिकार आणि दारू यांचा संबंध काय, असं वाटतंय? मॅसेडोनियाला चला. तिथे जेवताना रेलायलासुद्धा जणू लायसन्स लागायचं. जाळं न वापरता भाल्यानं रानडुक्कर मारलं असेल, तरच आडवं व्हायचं. नाहीतर बस सरळ! अथीनियस नावाच्या लेखकानं नोंदवलंय की कॅसँडर, जो पुढे मॅसेडोनियाचा राजा झाला, तो पस्तिशीचा होऊनही वडिलांशेजारी ताठ बसून जेवायचा. चांगला शिकारी होता बिचारा, पण तेवढं एक डुक्कर काही जमलं नव्हतं.

अथेन्समध्ये इतकी सक्ती नव्हती. तिथे ज्याला डुक्कर परवडत नव्हतं, त्याच्यासाठी ते पेल्यात होतंच!

रानडुक्कर अंगावर आलं तर काय करायचं, माहीत आहे का? सल्ला देतायत इतिहासकार, सेनानी आणि कट्टर श्वानप्रेमी झेनोफॉन. त्यांच्या नावावर शिकारीचं एक अख्खं पुस्तक आहे. त्यात म्हटलंय: हातातला भाला उडाला तर पालथे पडा आणि जमिनीवरची झुडपं घट्ट धरून ठेवा. सुळे वर वळलेले असतात, त्यामुळे खाली चिकटलेला माणूस डुकराला उचलता येत नाही. डुकरीण असेल तर? ती तुडवते आणि चावते. म्हणजे गडबडीत आधी जेंडर तपासा!

याच पुस्तकात आणखी एक भन्नाट दावा आहे. नुकत्याच मेलेल्या डुकराच्या सुळ्यावर केस ठेवले तर ते आक्रसतात म्हणे, इतका तो गरम असतो. ट्राय करू नका. डुक्कर राहू दे, वनखातंच आधी येईल.

झूम करा: एक ससा, एक कोल्हा, एक कुत्रा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक कायलिक्स आहे. काळ इसवीसनपूर्व 540 च्या आसपासचा. बाहेरून साधा, जवळजवळ कोरा. आत डोकवा. नाण्यासारख्या गोल चौकटीत एक शिकारी घरी निघालाय. खांद्यावर काठी, काठीला एक ससा आणि एक कोल्हा लोंबतोय. बरोबर त्याचा सडपातळ कुत्रा. सगळं काळ्या छायाकृतीत आणि आतल्या रेषा टोकदार हत्यारानं खरवडून काढलेल्या. धावपळ नाही, रक्त नाही. ड्यूटी संपवून घरी चाललेला माणूस आहे तो. मला विचाराल तर डुकरांच्या सगळ्या ॲक्शन सीन्सपेक्षा हे चित्र भारी आहे.

पेल्यावर सही आहे ट्लेसनची. नुसती सही नाही, बापाच्या नावासकट: नेआर्कसचा मुलगा ट्लेसन यानं बनवलं. का बरं? कारण नेआर्कस स्वतः नावाजलेला कुंभार-चित्रकार होता. नेपोटिझमवाल्यांनो, ही घ्या तुमची पुरातत्त्वीय साक्ष.

ट्लेसनच्या पिढीतल्या या नाजूक पेल्यांना अभ्यासक ‘लिटल मास्टर’ कप म्हणतात. गावसकर आणि सचिन यांच्या आधी ही पदवी थेट कुंभारवाड्यात गेली होती! कारण एकच, चित्रं इतकी चिमुकली की बोटाच्या पेरावर मावतील.

या पेल्यांवर आणखी काय लिहिलेलं असायचं? कधी कधी थेट पिणाऱ्यालाच हाक: नमस्कार, मजेत प्या! आणि कधी कधी निव्वळ बडबड. अक्षरं ग्रीक, ओळ व्यवस्थित, अर्थ शून्य. अशा निरर्थक ओळींचे पेले ढिगानं सापडलेत.

काळा रंग? तो रंगच नाही!

थांबा, इथे जरा सायन्स. फक्त दोन मिनिटं, प्रॉमिस.

पेल्याचा भगवट भाग आणि काळा कुळकुळीत चमकता भाग, यात वेगवेगळे रंग वापरलेत असं वाटतं ना? नाही. माती तीच! अथेन्सभोवतीच्या ॲटिका भागातली लोहयुक्त माती पाण्यात कालवून, निवळून, तिचा अगदी बारीक गाळ काढायचा आणि त्यानं चित्र काढायचं. कच्च्या पेल्यावर तो जवळजवळ दिसतही नाही. जादू होते भट्टीत.

आधी भट्टीची हवा खुली. सगळं लाल. मग झरोके बंद, आत ओली लाकडं. धूर कोंडला, ऑक्सिजन संपला, उष्णता 900 अंशांच्या आसपास, सगळं काळं. शेवटी पुन्हा झरोके उघडायचे. साध्या मातीत ऑक्सिजन शिरतो आणि ती परत लाल होते. पण बारीक गाळाचा थर तोपर्यंत वितळून काचेसारखा बंद झालेला असतो. त्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. एकच माती, एकच भट्टी, तीन पाळ्या, दोन रंग. आणि हे सगळं थर्मामीटरशिवाय! झरोका जरा लवकर-उशिरा उघडला की महिन्याभराची मेहनत मातीत. म्हणजे मातीतच होती म्हणा.

पुढे इसवीसनपूर्व 520 च्या दशकाच्या आगेमागे अथेन्समध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं, उलटं करून बघू! पार्श्वभूमी काळी, माणसं लाल. खरवडण्याऐवजी ब्रशनं रेषा. एका झटक्यात शिकाऱ्यांना पिळदार स्नायू आले, जिम न लावता.

कुत्र्यांना नावं, कलाकार निनावी

ग्रीक शिकारीतला सुपरहिट पिक्चर कुठला? कॅलिडॉनचं रानडुक्कर. स्टोरी वनलाइनर: कॅलिडॉनचा राजा ओइनियस देवांना नैवेद्य वाटताना आर्टेमिसला विसरला, आणि शिकारीच्या देवीला विसरणं महागात पडतं. तिनं एक राक्षसी डुक्कर पाठवलं. राजपुत्र मेलेएगरनं ग्रीसभरचे हीरो गोळा केले. मल्टिस्टारर! आणि त्यात एक हिरॉईन, ॲटलांटा. लहानपणी अस्वलिणीचं दूध प्यायलेली ही बाई. डुकराला पहिला घाव तिचाच. मेलेएगरनं कातडं तिला दिलं, त्याच्या मामांना ते झोंबलं, भांडण पेटलं, मामा गेले आणि शेवटी मेलेएगरही. डुकरापेक्षा नातेवाईक डेंजर!

म्युनिकच्या संग्रहालयात आर्किक्लेस आणि ग्लाउकाइटेस या दोघा कुंभारांच्या सहीचा एक कायलिक्स आहे. एका बाजूला हीच शिकार, दुसऱ्या बाजूला वीर थीसियस आणि बैलमुंड्या मिनोटॉर. चित्रं बोटभर उंचीची, तरी जवळजवळ प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात नाव. शिकाऱ्यांचं ठीक आहे हो. कुत्र्यांचीसुद्धा नावं आहेत!

याचा थोरला भाऊ फ्लॉरेन्समध्ये आहे. फ्रान्स्वा व्हास. हा पेला नाही, वाइन मिसळायचा क्रेटर. इसवीसनपूर्व 570 च्या सुमाराचा, 66 सेंटीमीटर उंच. त्यावर 270 आकृत्या आणि 121 लेख. गळ्याशी कॅलिडॉनची शिकार. ॲटलांटा पटकन सापडते, कारण पुरुष काळे आणि बायका पांढऱ्या रंगवायची पद्धत. डुकराच्या खाली एक शिकारी आणि एक कुत्रा मरून पडलेत. बाकीचे कुत्रे अजून भिडलेले. एकाचं नाव कोरॅक्स, म्हणजे कावळा. दुसरा मार्प्सास, म्हणजे धरपकड्या. तिसरा लाब्रोस, हावरट.

आपल्या वाघ्या, मोत्या, खंड्याला ही मंडळी लगेच ओळखतील.

झेनोफॉन याही बाबतीत पक्का प्रोफेशनल. कुत्र्याचं नाव छोटं हवं, हाक मारायला सोपं, असा नियम सांगून तो तब्बल 47 नावांची यादी देतो. ॲक्टिस म्हणजे किरण. कारा म्हणजे आनंद. हायब्रिस म्हणजे माज. आणि सायकी, म्हणजे आत्मा! घरी नवीन पिल्लू आलं असेल आणि ब्रूनो-टफीचा कंटाळा आला असेल, तर यादी तयार आहे.

पण गंमत पुढे आहे. कुत्र्याचं नाव अडीच हजार वर्षं टिकलं, आणि चित्रकाराचं? बहुतेक वेळा पत्ताच नाही. सही करणारे थोडेच. मग ऑक्सफर्डच्या जॉन बीझली या प्राध्यापकांनी विसाव्या शतकात कान, घोटे, गुडघे, कपड्यांच्या चुण्या बघून हजारो भांडी कुणाच्या हातची ते ठरवलं आणि निनावी कलाकारांना नावं दिली. कुणी ‘बर्लिन पेंटर’, कारण भांडं बर्लिनमध्ये. कुणी ‘पिग पेंटर’, कारण चित्रात डुकरं. एकजण ‘एल्बोज आउट’, कारण त्याची पात्रं कोपरं बाहेर काढून नाचतात. आणि एकाला तर नाव पडलं ‘वर्स्ट पेंटर’. बिचारा! हावरट नावाच्या कुत्र्याची तरी इज्जत राहिली.

ज्यांनी सह्या केल्या, त्यांचाही ॲटिट्यूड बघा. युथिमिडीस नावाच्या चित्रकारानं एका सुरईवर लिहून ठेवलंय की असं युफ्रोनियसला कधीच जमलं नाही. ग्राहकाच्या भांड्यावर प्रतिस्पर्ध्याला टोमणा! सोशल मीडिया नव्हता म्हणून काही अडलं नाही.

स्पार्टासुद्धा!

स्पार्टा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कवायत, भाले, बेचव काळी आमटी. पण माहीत आहे का, इसवीसनपूर्व सहाव्या शतकात त्याच स्पार्टाच्या मुलखात देखणे पेले बनत होते आणि समुद्रापार विकले जात होते. तिथल्या एका कलाकाराला अभ्यासक ‘हंट पेंटर’ म्हणतात. पॅरिसच्या लूव्हरमधल्या त्याच्या पेल्यात डुकराची शिकार आहे, पण डुक्कर पुरतं मावलेलंच नाही. गोल कडेनं ते सरळ कापलंय. जहाजाच्या गोल खिडकीतून बाहेर बघावं तसा इफेक्ट. क्रॉपिंगचा हा प्रयोग कॅमेऱ्याच्या चोवीस शतकं आधीचा.

आता एक क्विक राउंड.

सिंहाची शिकार भांड्यांवर दिसते, ती निव्वळ कल्पना? पूर्णपणे नाही. इतिहासकार हिरोडोटसनं लिहिलंय की इसवीसनपूर्व 480 मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस याची फौज उत्तर ग्रीसमधून जात असताना सिंहांनी रात्री येऊन फक्त उंट मारले. माणसं, घोडे, बैल, सगळे सोडून फक्त उंट! फॉरेन फूडची हौस, दुसरं काय.

पेला खाली ठेवायचाच नाही अशी सोय? होती! कुत्र्याच्या किंवा डुकराच्या मुंडक्याच्या आकाराचे पेले बनायचे. बैठक नाहीच, त्यामुळे भरलेला पेला टेबलावर ठेवता येत नाही. संपवा, मगच पालथा घाला.

सशाचं दुसरं काम काय? लव्ह गिफ्ट! अनेक पेल्यांवर प्रौढ पुरुष एखाद्या देखण्या तरुणाला जिवंत ससा भेट देताना दिसतो. अथेन्सच्या उच्चभ्रू समाजात ही रीतच होती. शिकार कुठली आणि कुणाची, हे बघणाऱ्यानं ठरवायचं.

शिकाऱ्याचीच शिकार? ॲक्टिऑन. आर्टेमिसचा कोप झाला आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. बॉस्टनमध्ये ‘पॅन पेंटर’चा एक क्रेटर आहे, त्यावर देवी धनुष्य ताणून उभी आणि तो कुत्र्यांखाली कोसळतोय.

भले मोठे पेले? म्युनिकमधला ‘पेंथेसिलिया’ कायलिक्स 43 सेंटीमीटर रुंद आहे. त्यातून प्यायला माणूस नाही, बादलीची सवय असलेला पैलवान हवा.

पेल्याला डोळे? हो, ‘आय कप’. बाहेरच्या बाजूला दोन टपोरे डोळे. तुम्ही पेला तोंडाला लावला की समोरच्याला तुमच्या जागी मुखवटा दिसणार. पेल्याचे कान तुमचे कान, बुडाची बैठक म्हणजे उघडं तोंड. इन्स्टा फिल्टर, आवृत्ती पहिली.

शेवटचा घोट फेकून मारा

तळाशी उरलेला गाळ पीत कोण बसणार? त्यासाठी खेळ होता, कॉटाबस. पेल्याच्या कानात एक बोट अडकवायचं, मनगटाला झटका द्यायचा आणि गाळ नेम धरून उडवायचा. समोर दांड्यावर तोललेली धातूची चकती, ती पाडायची. उडवताना आवडत्या व्यक्तीचं नाव घ्यायचं. शेजाऱ्याचे कपडे? त्याचं त्यानं बघावं.

या खेळाचा सर्वात काळाकुट्ट किस्सा थेरामेनिसचा. इसवीसनपूर्व 404 च्या सुमारास, अथेन्सवर तीस हुकूमशहांचं राज्य असताना, त्यांचा म्होरक्या क्रिटियास यानं त्याला विषाचा पेला प्यायला लावला. झेनोफॉन सांगतो, थेरामेनिस प्यायला, उरलेला थेंब कॉटाबससारखा उडवला आणि तो ‘लाडक्या क्रिटियास’च्या नावानं अर्पण केला. मरताना इतका शांत टोमणा! पुढच्याच वर्षी क्रिटियास लढाईत मारला गेला.

जरा हलकं होऊ या. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्या कायलिक्सनं कॉटाबस खेळून बघितला. वाइनऐवजी पाणी घातलेला द्राक्षरस. पंधरा मिनिटांत नेम बसू लागला, आणि तोवर आसपास सगळं रंगून निघालं होतं.

बैल पडला आणि खजिना उघडला

हे सगळे पेले सापडले कुठे? ग्रीसमध्ये? चुकलात! सगळ्यात सुंदर माल निघाला इटलीत, तिथल्या प्राचीन एट्रस्कन लोकांच्या थडग्यांतून. ही मंडळी ग्रीक भांड्यांची फॅन. जिवंतपणी मिरवायची आणि मेल्यावर सोबत न्यायची. बंद थडग्यात राहिले म्हणून पेले वाचले.

1828 मध्ये इटलीतल्या वुल्ची इथे शेत नांगरताना बैलाच्या पायाखालची जमीन खचली आणि खाली थडगं निघालं, असं सांगतात. ती जमीन कुणाच्या जहागिरीत? ल्यूसियें बोनापार्ट, नेपोलियनचा सख्खा भाऊ! त्यानं खणायला सुरुवात केली आणि वर्षभरात भांड्यांचा डोंगर झाला. ट्लेसनचा शिकारी आणि म्युनिकची कॅलिडॉन शिकार, दोन्ही वुल्चीचेच. पण चित्रं नसलेली साधी भांडी मजुरांकडून तिथल्या तिथे फोडून टाकली जायची. जॉर्ज डेनिस या इंग्रज प्रवाशानं हे डोळ्यांनी पाहिलं आणि चरफडत लिहून ठेवलं. बाजारभाव पडू नये म्हणून केलेला उद्योग! नेपोलियननं युरोप फोडला, भावाच्या जहागिरीत मडकी फुटली.

फोडाफोडीत रेकॉर्ड मात्र फ्रान्स्वा व्हासचा. 1900 मध्ये संग्रहालयाच्याच एका रखवालदारानं रागाच्या भरात लाकडी स्टूल फेकलं. काच फुटली, व्हास फुटला, तुकडे किती? 638! दोन वर्षं जोडत बसले. आज तो पुन्हा उभा आहे, कावळा, धरपकड्या आणि हावरट यांच्यासकट.

आणि भाव? 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं युफ्रोनियसच्या एका क्रेटरसाठी मोजले 10 लाख डॉलर. मग निघालं की तो इटलीतल्या थडग्यातून चोरून बाहेर काढलेला. 2008 मध्ये इटलीला परत! हाच तो युफ्रोनियस, ज्याला युथिमिडीसनं टोमणा मारला होता.

लंडनला जाणार असाल तर एक काम करा. ब्रिटिश म्युझियमचा कायमस्वरूपी विभाग बघायला तिकीट लागत नाही. वेबसाइटवर ट्लेसन हे नाव टाका, पेला त्या दिवशी मांडलाय का ते तपासा आणि मांडला असेल तर काचेवर नाक टेकवून आत बघा. ससा, कोल्हा, कुत्रा, तिघंही मोजून घ्या. आणि स्टूल दिसलं तर हात लावू नका!